रेघेची जाडी

चौकटीची लांबी चार मीटर, रुंदी दीड,
रेघ दहा सेंटिमीटर, रंग पांढरा.
एवढंच असतं कागदावर.
मी गुडघे टेकते, दोरी ताणते
आणि व्रोत्सवाफच्या पदपथावर
पहाटे पाचला स्कूटरींसाठी घर आखते.
भिंती नाहीत, दार नाही,
नुसती हद्द.

याआधी त्या कुठेही झोपायच्या.
ट्रामच्या थांब्यावर आडव्या,
लिंडनच्या बुंध्याला टेकून,
दवाखान्याच्या उतारावर ऐन मध्ये.
दोन तर ओड्राच्या तळाशी सापडल्या,
शेवाळ चढलेल्या, आणि एकीचा दिवा म्हणे
अजून लुकलुकत होता.
मी पाहिला नाही.
सांगणारा पाणबुड्या जरा वाढवून सांगतो.

बोगुमिल पियानो सुरात लावायचे.
त्यांना दिसत नाही.
मार्चमध्ये अशाच एकीवर अडखळले, मनगट मोडलं.
भाडं न भरता हलवलं की त्या किंचाळतात,
तशी तीही किंचाळली.
सुनावणीत ते म्हणाले,
"सुराला उतरलेली होती हो.
मनगटापेक्षा ते जास्त लागलं."

सभागृह हसलं. मग पुन्हा वाद.
एक म्हणाला, सरसकट बंद करा.
एक म्हणाली, पदपथावर ताशी सहा, रस्त्यावर वीस,
आणि जुन्या चौकात उपग्रहच ओढेल लगाम,
गाडी आपोआप मंदावेल
दाव्याला हिसका बसलेल्या वासरासारखी.
कंपनीच्या तरुणानं आलेख दाखवला.
त्यातल्या सगळ्या रेघा वर जात होत्या.
रेघांमधलं मला थोडं कळतं.
त्यानं कुणाला पडताना पाहिलेलं नव्हतं.

मग हाल्श्का उठली, बेकरीतली,
बाहीला पीठ तसंच.
"पहिली ट्राम चार चाळीसला.
माझी भट्टी साडेतीनला पेटते.
रात्री या बंद केल्यात
तर तुमचा सकाळचा पाव
पाच किलोमीटर चालत येईल."

बोगुमिल यांनी मान आवाजाकडे वळवली.
"मला त्या नकोत असं नाही.
कुठे आहेत ते कळायला हवं."

ठराव झाला. सदतीस कलमं.
माझ्या वाट्याला त्यातलं एक आलं.
'कळायला' हा शब्द त्यात नव्हता.

रात्री वाख्तांग व्हॅन घेऊन येतो.
तिबिलिसीचा. नगावर मजुरी.
अर्धवट झोपेत उतरवतो,
एखादं चाक बाहेर राहतंच.
"रेघ तुझी," तो म्हणतो, "दंड मला."
थर्मासमधला चहा अर्धा अर्धा पितो आम्ही
आणि ते चाक आत ढकलतो.
ती किंचाळते.
खरंच, जरा उतरलेलीच.

बोगुमिल यांच्या दारासमोरची चौकट
मी वाळल्यावर पुन्हा रंगवली.
मग आणखी एकदा.
चौथ्या हाताला ब्रश कडेशी अडायला लागला
तेव्हा थांबले.
मुकादम टेप घेऊन आला.
लांबी बरोबर, रुंदी बरोबर, सही.
जाडी सदतीसपैकी
एकाही कलमात नव्हती.

आठच्या सुमारास काठी आली.
टक, टक, आणि रेघेशी थांबली.
मागे गेली, पुढे आली,
अंधारात कुणी बोटानं शिवण शोधावी तशी.
कोपऱ्यापर्यंत सरकली, वळली,
बारा स्कूटरींना वळसा घालून
पावाच्या दुकानाकडे गेली.
मी व्हॅनच्या आड उभी होते,
त्यांना दिसू नये म्हणून.
काय लपत होते, देव जाणे.

पुढच्या आठवड्यात पुलापलीकडे
सव्वीस चौकटी आहेत.
रंगाचे डबे मी चौपट मागितलेत.
कारणाच्या रकान्यात लिहिलंय:
गळती.